चहांदेदादांची सगळ्यांत चांगली कॅसेट कोणती, याबाबत माझा अखेरचा निकाल

मी, मोतीराम डोमाजी बागडे, वय सत्तावन्न, धर्म बौद्ध, नोकरी नगरपालिकेच्या पाणी विभागात व्हॉल्व्हमन, सध्या आजारपणाच्या रजेवर, राहणार पांढुर्णा, जिल्हा छिंदवाडा, मध्यप्रदेश, आज रविवारी सकाळी चहा आणि गोळी दोन्ही घेऊन, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या अक्षरात हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असलाच तर उलटा आहे. माझी मुलगी अनुराधा दाराबाहेरून चारदा म्हणाली, "बाबा, असं अभद्र काहून लिहून राहिले? ऑपरेशन तं होऊ द्या!" म्हणून मी आतून कडी लावली आहे.

कचेरीत हिंदी चालते हे मला ठाऊक आहे. पण मी जन्मभर भांडलो मराठीत, तर शेवटचं भांडणही मराठीतच लिहिणार. ज्या साहेबाला समजणार नाही त्याने खाली सही केलेल्या साक्षीदार केशवरावांना विचारावं.

लिहिण्याचं कारण असं. येत्या बुधवारी नागपूरच्या इस्पितळात माझ्या हृदयाच्या व्हॉल्व्हचं ऑपरेशन ठरलं आहे. तेवीस वर्षं मी गावाचे व्हॉल्व्ह खोलले आणि बंद केले, आता माझाच जाम झाला. डॉक्टर म्हणाले, "खुशी असो की गम, छाती धडधडेल असं काही करू नका." मी मान हलवली. आणि परवा शुक्रवारी दुपारी पोस्टमन चहांदेदादांचं कार्ड घेऊन दारात उभा! आता तुम्हीच सांगा, छातीनं काय करावं? दोन दिवस झाले, ढोलकीसारखी वाजून राहिली आहे.

चहांदेदादा म्हणजे शाहीर आत्माराम चहांदे. ज्याला हे नाव सांगावं लागतं त्याची मला कीव येते, पण कोर्टाचा कागद आहे म्हणून सांगतो. स्वतः लिहितात, स्वतः चाल लावतात, स्वतः गातात आणि स्वतःच रागावतात. पेटीचा एक सूर उतरलेला निघाला की पेटी मिटवून मंचावरून खाली. एका गावात पुढच्या रांगेत कोणी शेंगा फोडत होता, तर दादांनी अर्धं गाणं तोंडात ठेवून बैलगाडी जुंपायला लावली. वय आता सत्तर, राग पंचविशीचा. त्यांचे दोन तवे, म्हणजे रेकॉर्डी, आणि दोन कॅसेटी हीच माझी खरी इस्टेट आहे. बाकीची किरकोळ इस्टेट आधी वाटून टाकतो, म्हणजे मोकळेपणी लिहिता येईल.

कलम एक. माझं राहतं घर, दोन खोल्या, टिनाचं छप्पर, मागचा नळ आणि संत्र्याचं एक झाड, हे सगळं अनुराधाला. ती मोहगावच्या शाळेत मास्तरीण आहे आणि रोज बसनं जाते-येते, तिला घर लागतं. मुलगा श्रीधर आमल्याला रेल्वेत आहे, त्याला क्वार्टर आहे. श्रीधरनं वाईट वाटून घेऊ नये. तो बारावीत असताना 'मातीचा जबाब' हा तवा लावल्यावर पहिल्याच गाण्यात घोरायला लागला होता, त्याचा आणि या कलमाचा काही संबंध नाही. थोडा आहे.

कलम दोन. पोस्टात आणि फंडात जे असेल ते दोघा भावंडांना सारखं. माझी पत्नी वच्छला, जी मागच्या आषाढात मला सोडून गेली, तिची पोत आणि पाटल्या अनुराधाला. यात चर्चा नाही.

कलम तीन. मेन लाइनचे व्हॉल्व्ह फिरवायची लोखंडी चावी, जी मी लोहाराकडून स्वतः समोर उभा राहून घडवून घेतली, ती पंपघरावरचा माझा जोडीदार तुळशीराम याला. खालच्या मोहल्ल्याचा व्हॉल्व्ह पुरा बंद करून मग अर्धा आटा मागे घ्यावा, नाही तर तो चिकटतो, हे त्याला पन्नास वेळा सांगून झालं आहे, हे एक्कावन्नावं. आणखी एक. ब्याऐंशी साली आठवडी बाजाराच्या मैदानात घोट्याइतकं पाणी झालं, मिरच्यांचे ढीग वाहून गेले आणि मेमो मिळाला तुळशीरामला. त्या दिवशी 'तापला रस्ता' ही दादांची नवी कॅसेट आली होती. मी ती पंपघरात लावून बसलो आणि व्हॉल्व्ह बंद करायचं विसरलो. तुळशीराम, ते पाणी माझं होतं. तेव्हा तोंड उघडलं नाही, आता लिहून देतो. मेमो फाडून टाक.

कलम चार. आता मुद्द्यावर येतो. अक्षर वाकडं झालं तर तो आजार नाही, आनंद आहे, समजून घ्यावं.

एकोणऐंशी साली आम्ही 'चहांदे श्रोता मंडळ, पांढुर्णा-सौंसर' काढलं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी विहाराच्या ओट्यावर बैठक. मी तवा लावायचो, लोक ऐकायचे, आणि मग दादांचं कोणतं काम सगळ्यांत भारी यावर वाद. केशवराव हे संत्र्याचे बागाईतदार, आमच्या मोहल्ल्याचे नाहीत, आमच्या जातीचे नाहीत, पहिले तीन महिने रस्त्यापलीकडे सायकलीला टेकून ऐकायचे. शेवटी मीच ओरडलो, "केशवराव, तिथून आर्धंच ऐकू येते, वर या!" ते वर आले ते कायमचे. त्यांचं मत असं की दादांचं सगळंच चांगलं. असल्या मताला मी मत मानत नाही, पण माणूस सोन्यासारखा आहे.

आणि कवडू. कवडू सोनबा उके, सौंसरचा, पांढुर्णा-सौंसर खाजगी बसचा कंडक्टर. त्याच्याइतका दादांना ऐकलेला माणूस दोन्ही गावांत एकच, तो म्हणजे मी. त्यामुळे आमचं जमलं आणि त्यामुळेच बिघडलं.

माझं म्हणणं असं की 'उजेडाची पेरणी', एक्काहत्तरचा पहिला तवा, याच्या तोडीचं दादांनी पुन्हा केलं नाही. त्यात आवाज असा सुटतो की ऐकणारा बसल्या जागी ताठ होतो. माझा बाप दुसऱ्याच्या वावरात पाठ वाकवून मेला. तो तवा मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझी पाठ सरळ झाली, हे मी शपथेवर सांगतो. कवडूचं म्हणणं, चौऱ्याऐंशीची 'घरची गाणी'. ती कॅसेट दादांनी बायको गेल्यावर केली. कोरस नाही, ढोलक नाही, नुसती पेटी आणि म्हातारा आवाज.

"ही काय कॅसेट आहे?" मी भर बैठकीत म्हटलं. "रडका कार्यक्रम आहे हा!"

"मोतीरामभाऊ, पहिल्या तव्यात दादा वरडून राहिले," कवडू म्हणाला. "गाले ते इथंच."

"वरडून? अबे, कान धुऊन ये!"

"कान धुवाले पानी कुठं देता तुम्ही? सौंसरवाल्याले विचारा, पांढुर्ण्याचे नळ कवा येते!"

लोक हसले. मलाही हसू आलं होतं, पण मी दाबलं. तेव्हापासून कवडूनं बसमध्येच प्रचार सुरू केला. जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला उतरणारी गर्दी असायची, शनिवारी तर पाय ठेवायला जागा नाही, आणि हा दारात लटकून ओरडायचा, "चला, जामसांवली, जामसांवली! उतरा, आन् ध्यानात ठेवा, एक नंबर कॅसेट 'घरची गाणी'!" नारळ घेऊन उतरणाऱ्या बायाबापड्यांना काय कळणार? पण बातमी माझ्यापर्यंत बरोबर पोचायची. मग मीही पाणी सोडायला जाईन त्या गल्लीत पहिल्या तव्याचं गुणगान सुरू केलं. ज्या घरातून 'हो, पहिला तवाच भारी' असं ऐकू यायचं, त्या गल्लीत पाणी दहा मिनिटं जास्त राहायचं. हा सरकारी गुन्हा आहे. मी मेल्यावर काय करायचं ते करा.

पंच्याऐंशीच्या जानेवारीत आम्ही दोघांनी मिळून दादांना सौंसरला आणलं. भर दुपारी, शाळेच्या मैदानात, दोन तालुके लोटले होते. दादांचा नियम असा की फर्माईश चिठ्ठीवर लिहून मंचावर पाठवायची, मनात आलं तर गातील. दादांनी दोन गाणी म्हटली आणि तिसरं, अगदी नवं, कोणी न ऐकलेलं, सुरू केलं. त्याच वेळी चिठ्ठ्या सुरू झाल्या. 'उजेडाची पेरणी म्हणा.' 'घरची गाणी म्हणा.' पुन्हा पहिली, पुन्हा दुसरी. पेटीवर कागदांचा ढीग. दादांनी गाणं थांबवलं, चष्मा लावला, एकेक चिठ्ठी उलटसुलट पाहिली आणि माइकमध्ये गरजले, "तुम्ही गानं ऐकाले आले का माह्या गान्यायचं इलेक्शन लढवाले?" आणि उठले. पुन्हा या मुलखात पाय ठेवणार नाही म्हणाले. त्या दिवशी कवडूची बस दादांसाठी खास नागपूरला लावली होती, तिच्यातच बसून गेले आणि लोधीखेड्यापर्यंत कवडूला शिव्या देत गेले, असं ड्रायव्हर सांगतो. ते नवं गाणं अर्धंच राहिलं. आजपर्यंत कोणी पुरं ऐकलेलं नाही.

मी दोन्ही गावांत सांगितलं, चिठ्ठ्या कवडूनं पाठवल्या. मंडळ फुटलं, पांढुर्ण्याचं वेगळं, सौंसरचं वेगळं. दोन वर्षं तीन महिने झाले, मी आणि कवडू एका शब्दानं बोललो नाही.

आता खरं लिहितो. कवडूनं दोन चिठ्ठ्या पाठवल्या होत्या. मी सतरा. वेगवेगळ्या हातानं लिहिल्यासारख्या दिसाव्या म्हणून डाव्या हातानं, उजव्या हातानं, काही अनुराधाच्या शाळेतल्या पोरांच्या अक्षरासारख्या वाकड्या. आणि एवढी अक्कल चालवणाऱ्या या मूर्खानं त्या सगळ्या पाणी विभागाच्या छापील नळ-तक्रार फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिल्या! दादांनी चिठ्ठ्या उलटून पाहिल्या तेव्हा सतरा वेळा 'पाइप फुटला आहे का, हो किंवा नाही' हेच वाचलं असणार. कवडूनं ते फॉर्म माझ्या डोळ्यांदेखत मंचावरून गोळा केले होते. त्याला सगळं ठाऊक होतं. त्यानं कोणालाही सांगितलं नाही, आणि मी त्याला गावभर बदनाम करत राहिलो. याची मला लाज वाटते. लाज या शब्दाच्या खाली मी रेघ ओढली आहे.

कलम पाच. 'उजेडाची पेरणी' हा तवा, त्याच्या कव्हरवर दादांची सही आहे, एका कोपऱ्यात चहाचा डाग आहे, तो डाग वच्छलाच्या हातून पडलेला आहे म्हणून मी कधी पुसायचा प्रयत्न केला नाही, हा तवा कवडू सोनबा उके याला. सोबत तवा वाजवायचं यंत्र आणि एक जादा सुई. श्रीधर आणि अनुराधा, यावर हक्क सांगू नका. बाकीचा एक तवा आणि 'तापला रस्ता' केशवरावांना, कारण त्यांना सगळंच आवडतं.

कलम सहा. हे कलम मी दोनदा लिहून फाडलं, हे तिसरं आहे.

वच्छला गेली त्या दिवशी मयतीत कवडू आला होता. त्यानं बस मधेच सोडली होती, दुसऱ्याला तिकिटाची थैली देऊन. खांदा दिला आणि निघून गेला. महिन्याभरानं मी नागपूरला गेलो आणि 'घरची गाणी' विकत घेतली. आधीची मी रागानं जाम नदीत फेकली होती. पंपघरात पंप सुरू असला की बाहेर काही ऐकू जात नाही, तिथं दुपारी टाकी भरेपर्यंत मी ती ऐकायचो. त्यात एक ओळ आहे, 'तुह्या हातचं पाणी अजून माठात गार आहे.' अहो, मी पाण्याचा माणूस. अख्ख्या गावाला पाणी पाजलं, आणि घरी आल्यावर एक पेला भरून देणारं कोणी नाही. दादांना हे कसं कळलं? कवडूला हे चौऱ्याऐंशीतच कसं कळलं, त्याची बायको तर जिती-जागती आहे! मी रडलो. रोज रडलो. पंप बंद झाला की तोंड धुवायचो आणि संध्याकाळी ओट्यावर जाऊन पुन्हा 'रडकी कॅसेट' म्हणायचो. ही कॅसेट घरासोबत अनुराधाला.

तर मी, मोतीराम डोमाजी बागडे, अखेरचा निकाल देतो की शाहीर आत्माराम चहांदे यांची सगळ्यांत चांगली कॅसेट 'घरची गाणी' हीच आहे. कवडू बरोबर होता. मी चूक होतो. हा निकाल माझ्या मृत्यूनंतर विहाराच्या ओट्यावर मोठ्यानं वाचून दाखवावा, आणि तेव्हा कवडू समोर असावा. माझी एकच हळहळ आहे की त्याचं तोंड पाहायला मी नसेन.

कलम सात. दादांचं कार्ड. आजार कळल्यावर मी दादांना पत्र लिहून सतरा चिठ्ठ्या कबूल केल्या. उत्तर आलं ते जसंच्या तसं उतरवतो: "बागडे, पत्र पोचलं. राग गेला नाही, पण वय चाललं. बुद्धपौर्णिमेला सकाळी आठ वाजता पांढुर्ण्यात येतो. अर्धं राहिलेलं गाणं पुरं करीन. पेटी सुरात ठेवा. कोणाच्या हातात कागद दिसला तर उतरून जाईन. चहांदे."

पुरं करीन! हे वाचून मी पलंगावर उभा राहिलो होतो. अनुराधानं हात धरून बसवलं.

बुधवारी माझं काही बरंवाईट झालं तरी कार्यक्रम रद्द करायचा नाही. सुतक-बितक काही नाही. माझ्यासाठी खुर्ची रिकामी ठेवायचं नाटक करू नये, गर्दी असते, कोणी तरी बसावं. पेटी आदल्या दिवशी नागपूरहून सुरात लावून आणावी. शेंगावाला मैदानाच्या बाहेर. दादांना स्टँडवरून आणायला कवडूनं जावं, दुसऱ्या कोणी नाही, आणि दोन्ही मंडळांचं पुन्हा एक मंडळ करावं. अध्यक्ष कवडू. तुळशीरामनं त्या दिवशी खालच्या मोहल्ल्याला सकाळी सहालाच पाणी सोडावं, म्हणजे बाया आठ वाजता मोकळ्या होतील.

ही सात कलमं मी विचार करून लिहिली आहेत, यापूर्वी मृत्युपत्र केलेलं नाही, पुढे करायची ताकद राहील की नाही ठाऊक नाही. ज्याला काही द्यायचं त्याला साक्षीला घेऊ नये असं एका वकिलानं सांगितलं, पण तवा आणि कॅसेट सोडून द्यायला केशवराव तयार आहेत म्हणून त्यांना घेतलं. दुसरा साक्षीदार तुळशीराम, तो चावी सोडायला तयार आहे. दोघांनी सही करून कागद अनुराधाच्या पेटीत ठेवावा आणि मी जिवंत आहे तोवर कवडूला यातलं अवाक्षर कळू देऊ नये.

(सही) मोतीराम डोमाजी बागडे

साक्षीदार पहिला: मोतीरामजींनी माझ्यासमोर सही केली. त्यांची बुद्धी शाबूत आहे, नाडी जलद आहे. मला एक कबुली द्यायची आहे. कागद वाचल्यावर मला राहवलं नाही. मी चौकात जाऊन अकराची बस थांबवली आणि कवडूला सगळं सांगितलं. त्यानं भर रस्त्यात प्रवाशांना उतरवलं. मोतीरामजींनी मला माफ करावं. मला तवा नको.
(सही) केशवराव

साक्षीदार दुसरा: तुळशीरामले मी घरी पाठवलं. त्याची चावी त्याले राहू द्या. त्याच्या जागी मी, कवडू सोनबा उके, सही करून राहिलो. साक्षीदाराले काही भेटत नाही म्हणते, तं कलम पाचमधला तवा मले नको, तो ज्याचा आहे त्याच्याच घरी राहीन. बाकी कलम वाचले, मंजूर. सतरा फॉर्म माह्याजवळ आहे, जपून ठेवले आहे, कोनाले दाखवले नाही आन् दाखवनार नाही. कलम सहा मात्र मले बिलकुल मंजूर नाही. मोतीरामभाऊ, तुम्ही हार मानली तं मी बसमध्ये कोनासंग भांडू? हे दोन वर्सं मी कसे काढले ते मलेच माहीत. 'घरची गाणी' एक नंबर आहेच, पन ते तुम्ही म्हनायचं नाही, ते मी म्हनायचं, आन् तुम्ही मले शिव्या द्यायच्या. बुधवारी नागपूरले मी संग येतो, बसले सुट्टी टाकली. ऑपरेशनच्या आधी तुम्ही मनानं खचले तं याद राखा. बुद्धपौर्णिमेच्या आधी घरी येऊन हे कलम सोताच्या हातानं खोडा, तवापर्यंत तुमाले मराची परवानगी नाही.
(सही) कवडू सोनबा उके, सौंसर

ठिकाण: पांढुर्णा, बागडे यांचं राहतं घर
तारीख: २६ एप्रिल १९८७, रविवार